घरातली सुतारशाळा आणि बोटांचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही पगारवाढ, बोनस किंवा संप यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे आमच्या तोंडी दुसरे काही नाही, त्यामुळे त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? परंतु आज आम्ही सुतारकामाविषयी बोलणार आहो, आणि तेही कारखान्यातल्या नव्हे, घराच्या पडवीतल्या.

आमचे दापोडे गाव आपल्याला ठाऊक आहे ते गोदामांमुळे. माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ या सगळ्या पट्ट्यात भाताची खाचरे जाऊन पत्र्याची गोदामे उभी राहिली. गोदामाबरोबर आली पॅलेटे. माल ठेवण्याच्या या लाकडी घडवंच्या मोडल्या की भंगारात निघतात, आणि एका पॅलेटमधून शेल्फाला पुरतील एवढ्या फळ्या सुटतात. ज्यांचे माग बंद पडले, ज्यांच्या गोदामातल्या पाळ्या कमी झाल्या, अशा पुष्कळांनी हे लाकूड घरी आणून स्टुले, देव्हारे, चपलांची मांडणी करायला आरंभ केला आहे. कोणी हौसेने करतो, कोणी चार पैशांसाठी. आम्हांला दोघांचेही कौतुक वाटते. हाताने केलेली वस्तू घरात असावी, ही काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे.

तेव्हा आधी लाकडाचे सांगतो. परदेशी व्यापारातल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी ही अक्षरे असली, तर लाकडाचा गाभा ५६ अंशांपर्यंत तापवून तसाच ३० मिनिटे राखला आहे असे समजावे. एमबी असली, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. त्याचा पोळपाट किंवा पाळणा करू नये. दुसरे म्हणजे खिळे. पॅलेटचा खिळा पुष्कळदा पिळाचा असतो. ओढला की डोके हातात येते आणि दांडा आत राहतो. फिरते पाते त्यावर आदळले की दात तुटून उडतो. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून प्रत्येक फळीवरून फिरवावे. खर्च काही नाही.

हत्यारांचा क्रम आमच्या मते असा असावा: गुण्या, करवत, पटाशी, रंधा, आणि लाकूड घट्ट धरणारा शिकंजा. सहा महिने एवढ्यावर काढावेत. हातकरवतीवर लाकूड तुमच्याशी बोलते. नस कुठे फिरली, गाठ कुठे आहे, हे मनगटाला कळते. यंत्रावर ते कळायला वेळच मिळत नाही. दहा इंची चक्री मिनिटाला ३००० फेरे फिरली, तर तिच्या दाताचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर जातो. आपल्या रस्त्यांवरून एवढ्या वेगाने ट्रकसुद्धा जात नाही, आणि हे पाते आपल्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर!

आता मुख्य अपघात. यंत्रमागावर ज्यांनी काम केले, त्यांना धोटा उडणे म्हणजे काय ते सांगायला नको. चक्री करवतीवर धोट्याच्या जागी लाकूड उडते. पात्याच्या पुढच्या बाजूचे दात खाली जातात, ते लाकडाला टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात वर येत असतात. फळी जरा तिरकी झाली, किंवा चिरलेल्या फटीने मिटून पात्याला चावा घेतला, की मागचे दात तिला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. फळी पोटात बसते, आणि हात, ज्याला आधारच उरला नाही, पात्यावर जातो. पापणी लवायच्या आत हे सगळे होते. म्हणून पात्याच्या मागे, फट उघडी राखणारी पोलादी पाचर बसवलेली असते. पुष्कळजण ती अडचण म्हणून काढून टाकतात. ती काढू नये. पात्याच्या रेषेत उभे राहू नये. शेवटचा वीतभर तुकडा काठीने ढकलावा, बोटांनी नव्हे. हातमोजे, बांगड्या, लोंबती बाही, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या पात्याजवळ नको.

परंतु आमच्याकडे चक्री करवत विकत घेतो कोण? फरशी कापायचे कटर उलटे करून टेबलाखाली आवळतात, बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवतात, आणि त्यालाच टेबल-करवत म्हणतात. ते यंत्र लाकडाच्या करवतीच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरते. त्याला पाचर नाही, झाकण काढलेले, बंद करायचे तर प्लग उपटावा लागतो. त्यात आपल्याकडे वीज जाते. माणूस कंटाळून टेबलावरचा भुसा हाताने झाडतो, वीज येते, आणि चिकटपट्टीने दाबलेले यंत्र आपोआप सुरू होते. ही जुळणी आम्ही पाहिली की काळजात धस्स होते. वीज गेली की पुन्हा मुद्दाम दाबल्याशिवाय चालू न होणारे बटण मिळते. ते पात्याच्या आधी घ्यावे, आणि अर्थिंगची तिसरी तार तोडू नये.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. १८८१ साली या देशात पहिला कारखाने कायदा झाला, तो शंभर माणसांच्या कारखान्यांपुरता. १८९१ साली ती संख्या ५० झाली. १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी ती १० वर आणली, आणि धोकादायक भागाला भक्कम आवरण घालणे मालकावर बंधनकारक केले. २०२० च्या संहितेत ती पुन्हा २० वर चढली आहे. त्यावर आमचे मत काय, ते आमच्या सभेत येऊन ऐकावे. मुद्दा असा की, तुमच्या पडवीतली संख्या एक आहे.

आणि भरपाई? १९२३ च्या कायद्याने बोटांचा तक्ताच लावला होता: अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा ३० गेली, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. सुताराची तर्जनी आणि कारकुनाची तर्जनी या तक्त्यात सारखीच, हे आम्हांला कधी पटले नाही. तरीही तक्ता होता म्हणून भांडता तरी आले. त्याच कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने संरक्षणाचे साधन जाणूनबुजून काढले, आणि इजा मरणाची किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाची नसली, तर मालक सुटत असे. एका फर्निचरच्या शेडमध्ये तर्जनी गमावलेल्या पोराविषयी मालकाने नेमके हेच सांगितले. आम्ही जाऊन पाहिले, तर पात्याचे झाकण दारामागे खिळ्याला टांगलेले, आणि त्यावर बोटभर जाड भुसा! पोरगा कामाला लागून झाले होते बावीस दिवस. ते झाकण त्याने कधी बसवलेले पाहिलेच नव्हते. काढले कोणी, या एका प्रश्नावर ते प्रकरण उभे राहिले. निष्काळजीपणा हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की यंत्राकडे कोणी बघत नाही.

पडवीत मालकही तुम्ही आणि कामगारही तुम्हीच. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता कटरवर उभे करणारा मालक आम्हांला भेटला असता, तर आम्ही त्याच्या दारात ठाण मांडले असते! १८९० च्या जूनमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. यंत्राचे काम तेवढे सुटीच्या दिवशी सकाळी करावे. रात्री पॉलिशकागद घासावा.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने १९९९ च्या सुमारास असे करवत-यंत्र काढले की, बोटाचा स्पर्श होताच पाते काही सहस्रांश सेकंदांत थांबते. बोटाला जेमतेम ओरखडा येतो. यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारले नाही, तेव्हा त्याने स्वतःची कंपनी काढली. ते आमच्या पडवीच्या ऐपतीबाहेरचे आहे; पण बोट वाचवणे यंत्रालाही जमते, एवढे त्याने सिद्ध केले.

इतके करूनही घात झालाच, तर आधी प्लग काढावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा, अंगठी लगेच उतरवावी. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये, त्याने मांस मरते. हळद, चहापूड काही भरू नये. जिथे बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते, असे रुग्णालय कोणते, याची चौकशी आज, दहाही बोटे शाबूत असताना करून ठेवावी, आणि नंबर भिंतीवर लिहावा.

शेवटचे एक. काम वाढले की शेजारचा पोरगा मदतीला येतो. चहा-नाश्ता आणि वर थोडे पैसे. त्या दिवशी पडवीतली संख्या दोन होते आणि तुम्ही खरोखरीचे मालक होता. त्याला सहा महिने रंधाच द्यावा. ज्यांना पाचर, झाकण आणि बटणाची जुळणी पाहायची असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दापोड्यास यावे. यंत्राचा प्लग काढून ठेवून सगळे दाखवू.