विसाव्याच्या नसा आणि फवाऱ्याचे विष



मी चौथी शिकलेला माणूस. ‘परानुकंपी तंत्रिका’ हा शब्द मला पुस्तकात नंतर सापडला. तिचा प्रताप आधी मुरबाडकडच्या एका बांधावर दिसला. भातावर फवारणी करता करता आमचा एक मजूर मटकन बसला. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मालक म्हणाला, “ऊन लागलं.” उन्हाने कधी लाळ गळते काय?

या तंत्रिका शरीराचा विसावा सांभाळतात. त्या हृदय सावकाश चालवितात, लाळ आणि पाचकरस सोडतात, बाहुली आकसवितात. त्यांचा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. निरोप रसायनाने पोहोचतो, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखविले. काम झाले की एक एंझाइम या निरोप्याला तोडून टाकते.

नीओस्टिग्मीन हे औषध त्या एंझाइमला अडविते. निरोप्या अधिक वेळ टिकतो. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत नाग नवा नाही. त्याचे विष स्नायूंवर निरोप घेण्याची जागाच बळकावते. पापण्या मिटतात, श्वास थकतो. तेथे प्रतिविषाच्या जोडीला डॉक्टर नीओस्टिग्मीन देतात. त्याने लाळ वाढू नये, नाडी फार मंदावू नये, म्हणून सोबत अ‍ॅट्रोपीन. मण्यारीच्या दंशात मात्र याचा फारसा भरवसा नाही. तिचे विष निरोप सुटतो तेथेच घात करते.

आता फवाऱ्याकडे या. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही विषे त्याच एंझाइमला धरतात, पण सोडीत नाहीत. औषध मोजून टोचतात. हे मात्र उघड्या पाठीवर दिवसभर ठिबकते. यवतमाळात २०१७ साली कापसावर फवारणी करणारे वीसहून अधिक लोक दगावले. तेव्हा कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, रिकामा डबा माणसाबरोबर दवाखान्यात न्या. तेथे अ‍ॅट्रोपीन असते. ते धोतऱ्यातही असते, पण म्हणून कोणी धोतरा वाटून पाजू नये. त्याने माणूस भ्रमिष्ट होऊन मरतो.

हातमोजे आणि तोंडावरचे आच्छादन मालकाने द्यावे, ही मागणी आम्ही गावोगाव मांडतो. “भाताला कसले मोजे?” असे हसणारे भेटतात.

तो मजूर वाचला. पाचव्या दिवशी घरी आला. मालकाने त्याला अर्ध्या दिवसाचीच मजुरी दिली, कारण दुपारनंतर पंप त्याच्या पाठीवर नव्हता. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या.