दारची शाळा आणि कंपनीची देणगी
(वार्षिक समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी देणगीदारांचे आभार मानण्याचा आपला रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. आज मात्र मी आभाराच्या पुढचे थोडे बोलणार आहे.

आमच्या मोहल्ल्यातील नगरपालिकेच्या शाळेला काही वर्षांपूर्वी एका कंपनीने संगणक दिले. फीत कापली गेली, फोटो निघाले, आभाराचे भाषण मीच केले. वर्षाने गेलो तो खोलीला कुलूप! विजेचे बिल कोणी भरायचे हे ठरले नव्हते, शिकवायला माणूस नव्हता. आणि दुपारच्या सुट्टीत घरी गेलेल्या मोठ्या मुली परत येत नव्हत्या, कारण स्वच्छतागृहात पाणी नव्हते. कंपनीने विचारले नाही, हे खरे. पण आम्ही तरी कुठे सांगितले होते?

आता काळ बदलला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करणे भाग झाले. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी अट लागू झाली तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के द्यायचे. शिक्षण त्यात येते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी किंवा मालाच्या जाहिरातीसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. म्हणून शेजारच्या कारखान्याकडे जाताना याचकासारखी मान खाली घालण्याचे कारण नाही.

पण जायचे ते काय घेऊन? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व नगरपालिकेच्या शाळांसाठी व्यवस्थापन समिती ठरवून दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. आमच्या समितीत एखादी आई बोलती झाली असती, तर संगणकाआधी पाण्याची टाकी आली असती.

दुसरी गोष्ट देखभालीची. आपल्या जुन्या वक्फनाम्यांत इमारतीबरोबरच तिच्या खर्चासाठी दुकानांचे भाडे लावून दिलेले आढळते. देणाऱ्याला ठाऊक होते की भिंत एकदा बांधावी लागते, दुरुस्ती दरवर्षी. कंपनीशी बोलतानाही वस्तूबरोबर निदान तीन वर्षांच्या दुरुस्तीचे व शिकवणाऱ्याच्या मानधनाचे लेखी ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. नफा आटला की देणगीही आटते. म्हणून शिक्षकांच्या जागा भरणे, वर्ग व पाणी पुरवणे ही सरकारची जबाबदारी कंपनीच्या पैशाने संपत नाही. देणगी आली म्हणून नगरपालिकेकडचा अर्ज मागे घेऊ नका.

मित्रहो, आपली मुले या संस्थेत शिकत असली तरी शेजारच्या बहुसंख्य मुलांची शाळा तीच आहे. आपल्यात हिशेबनीस आहेत, वकील आहेत, कारखान्यांत नोकरी करणारे आहेत. या महिन्यात आपल्या दारच्या शाळेत एकदा जा, तेथील आयांना विचारून गरजांची यादी करा आणि ती समितीपुढे ठेवा. यादी तयार झाली की कारखान्याच्या फाटकापर्यंत मी तुमच्याबरोबर येईन.