इतिहासाच्या पदवीचा अभ्यास कसा आंखावा?



बारावीचे निकाल लागले कीं रे रोड, घोडपदेव, काळाचौकी या आमच्या बाजूच्या चाळींतून एक प्रश्न हटकून कानीं येतो : 'गुरुजी, मुलीनें पदवीला इतिहास घेतला आहे, आतां पुढें काय?' विचारणाराच्या स्वरांत उत्सुकतेपेक्षां काळजीच अधिक असते. दुसरीकडे जागा मिळाली नाहीं म्हणून इतिहास पत्करला, अशी पुष्कळ घरांतील समजूत. आणि जो विषय नाइलाजानें स्वीकारला त्याची आंखणी ती काय करावयाची, असाच एकंदर भाव. आज या समजुतीविरुद्ध चार शब्द बोलावे, असा माझा विचार आहे.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों व त्याच पेशांतून निवृत्त झालों. महाविद्यालयाच्या वर्गांत विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग मला आला नाहीं. परंतु माझ्या हाताखालून गेलेलीं मुलें त्या वर्गांत बसलीं. सुटींत तीं वह्या घेऊन भेटावयास येत. कोणाचा अभ्यास फळाला आला आणि कोणाचा तीन वर्षांनींही कोरडाच राहिला, हें मीं जवळून पाहिलें आहे. त्यावरून माझें एकच मत बनलें आहे : अभ्यासक्रम विद्यापीठ नेमून देतें, अभ्यासाची आंखणी मात्र विद्यार्थ्यानेंच करावी लागते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ती पाठ्यपुस्तकांभोवतीं न करतां पुराव्याभोवतीं करावी.

प्रथम सध्यांच्या व्यवस्थेकडे पाहूं. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासाचें मोजमाप श्रेयांकांवर होऊं लागलें आहे. वर्षाला साधारणतः चाळीस श्रेयांक; तीन वर्षांच्या पदवीला निदान १२०, आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला निदान १६०. ठरलेल्या अटी पुऱ्या करून एका वर्षानें अभ्यास सोडला तर प्रमाणपत्र मिळतें, दोन वर्षांनीं सोडला तर पदविका. चौथ्या वर्षीं संशोधनासह ऑनर्स घ्यावयाची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवावे लागतात. मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषयही निवडावयाचा असतो. एवंच, निवडीला वाव पुष्कळ आहे; परंतु यादी न करतां बाजारांत गेलेला मनुष्य जसा पिशवी भरून आणतो आणि घरीं मीठच नसतें, तशी गत येथेंही होऊं शकते.

येथें आमच्या वस्तींतील घरांचा प्रश्न उभा राहतो. ज्या घरांतील बाप दारूखान्यांत लोखंडाच्या वखारीवर राबतो, त्या घराला चौथें वर्ष म्हणजे एका मिळवत्या हाताची वर्षभराची कमाई. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, चौथ्या वर्षावर भिस्त ठेवून महत्त्वाची कोणतीही गोष्ट मागें टाकूं नये. तीन वर्षें हीच पुरी इमारत समजावी. चौथें मिळालें तर तो वरचा मजला. तसेंच गौण विषय निवडतांना 'सोपा कोणता?' असें न विचारतां 'माझ्या इतिहासाला याचा आधार कोठें मिळेल?' असें विचारावें. भूगोल, अर्थशास्त्र किंवा एखादी भाषा यांपैकीं कांहीं घेतलें तर तो श्रम दोन्ही विषयांना उपयोगी पडतो.

आतां वर्षांचा क्रम. पहिल्या वर्षीं अभ्यासाचा कणा तयार करावा. प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन भारताचा सलग प्रवाह, त्याच्या जोडीला महाराष्ट्राचा इतिहास, आणि जगाच्या इतिहासांतील निदान एक प्रकरण, एवढी शिदोरी प्रारंभींच बांधून घ्यावी. जगाचें प्रकरण कशाला, असें कोणी विचारील. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि येथील सट्ट्याचा सारा डोलारा कोसळला. मुंबईचा हा अध्याय ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याला अमेरिका परकी म्हणून सोडतां येत नाहीं. याच वर्षीं एक संवयही लावून घ्यावी. कोणत्याही एका घटनेवर दोन ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे आणि ते कोठें एकमेकांशीं जुळत नाहींत तेवढेंच वहींत टिपावें. इतिहासाचा अभ्यास त्या न जुळणाऱ्या जागेपासून सुरू होतो.

दुसऱ्या वर्षीं हत्यार हातीं घ्यावें. इतिहासाचें हत्यार म्हणजे मूळ कागद वाचण्याची शक्ति. मराठी मनुष्याच्या बाबतींत तें हत्यार मुख्यतः मोडी लिपि. शतकानुशतकें आपले हिशेब, वतनपत्रें, निवाडे व खासगी पत्रव्यवहार या लिपींत चालला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ती शाळांतून व कचेऱ्यांतून जिवंत होती. मोडींत आधीं आडवी रेघ ओढून घेतात, मग हात फारसा न उचलतां अक्षरें लिहितात, आणि शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. त्यामुळें पहिल्या दिवशीं कागद म्हणजे मुंग्यांची रांग वाटते. परंतु रोज अर्धा तास नेमानें दिला तर कांहीं महिन्यांत डोळा सरावतो.

छापील साधनांपासून आरंभ करणें अधिक सोयीचें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, आणि ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. यांतील एखादें छापील पत्र आधीं देवनागरींत वाचावें, त्यांतील फारसी शब्दांचे अर्थ लावावे, आणि मग मोडी कागदाकडे वळावें. ज्याचें घर वसईकडे वा गोव्याकडे असेल त्यानें पोर्तुगीज भाषेचा विचार करावा. मध्ययुगाची ओढ असेल त्यानें फारसीचा. कोणतेंही एक हत्यार असो, तें एकच असावें आणि धारेचें असावें.

तिसरी गोष्ट स्थळाची. आणि हिला वर्षाचें बंधन नाहीं, ती पहिल्या सत्रापासूनच हातीं घ्यावी. विद्यार्थ्यानें आपल्या पायाखालची एक जागा निवडून तीन वर्षें तिचा पिच्छा पुरवावा. उदाहरण म्हणून मी रे रोडच घेतों. हें नांव १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचें. रस्त्याला आतां बॅरिस्टर नाथ पै यांचें नांव आहे. स्टेशन १९१० सालचें. प्रारंभीं कुर्ल्याहून येणारी गाडी येथेंच थांबे, पुढें १९२५ सालीं ती थेट बोरीबंदरापर्यंत जाऊं लागली. पूर्वेकडील पुष्कळशी जमीन भराव घालून समुद्रापासून मिळविलेली. बंदराचा कारभार पाहणारी पोर्ट ट्रस्ट १८७३ सालीं निघाली, आणि प्रिन्सेस डॉक १८८० सालीं सुरू झाला. या किनाऱ्यावरील नांवें पाहा : लकडी बंदर, कौला बंदर, दारूखाना. पहिल्यांत लांकूड, दुसऱ्यांत कौलें, तिसऱ्यांत बंदुकीची दारू, असा तर्क कोणीही करील. परंतु तर्क हा पुरावा नव्हे. तो नकाशांशीं, जुन्या गॅझेटियरशीं व बंदराच्या अहवालांशीं ताडून पाहणें, हाच विद्यार्थ्याचा पहिला स्वतंत्र धडा.

याच किनाऱ्यावरचा दुसरा धडा अधिक गंभीर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं, दुपारीं चार वाजून गेल्यावर, व्हिक्टोरिया डॉकमध्यें 'फोर्ट स्टिकिन' हें जहाज दोन प्रचंड स्फोटांनीं उडालें. एकाच जहाजावर कापसाच्या गांसड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा होत्या. आग विझविणारे कित्येक जवान त्यांत कामास आले. देशभर दरवर्षीं १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. आतां विद्यार्थ्यानें या घटनेचा अभ्यास करावयाचा म्हटला तर काय दिसेल? महायुद्ध चालू होतें. बातम्यांवर नियंत्रण होतें. त्यामुळें येथील वृत्तपत्रांना कांहीं आठवडे मोकळेपणानें लिहितां आलें नाहीं. म्हणजे वृत्तपत्रांतील मौन हाही पुराव्याचाच एक प्रकार झाला. मृतांचा आंकडा कोणी आठशेंच्या आसपास देतात, कोणी तेराशेंपर्यंत नेतात. यांपैकीं खरा कोणता हें घाईनें ठरविण्यापूर्वीं प्रत्येक आंकडा कोणी, केव्हां व कशावरून मोजला हें विचारावें. ज्या मजुराचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नव्हतें, तो यांतील कोणत्या आंकड्यांत आला? हा एक प्रश्न ज्याला सुचला, त्याला इतिहास हा विषय समजूं लागला असें मी म्हणेन.

यासाठीं दूर जावें लागत नाहीं. रे रोडहून हार्बर मार्गानें चौथें स्टेशन छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस; तेथून पायीं फोर्टांत गेलें कीं एल्फिन्स्टन कॉलेजच्या वास्तूंत महाराष्ट्र शासनाचें पुराभिलेखागार आहे. त्याचा उगम १८२१ सालच्या दप्तरखान्यापर्यंत जातो. टाउन हॉलमध्यें १८०४ सालीं जन्मलेली एशियाटिक सोसायटी आहे, सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर हेरास यांनीं १९२६ सालीं स्थापिलेली संस्था आहे, आणि इकडे दादरला १८९८ सालचें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. प्रवेशाचे नियम आधीं विचारून घ्यावे, प्राध्यापकांचें पत्र बरोबर न्यावें, आणि पंधरवड्यांतून एक दिवस या कामासाठीं बाजूला काढावा.

मात्र एक दप्तर असें आहे कीं तें कोणत्याही इमारतींत नाहीं. तें माणसांच्या आठवणींत आहे, आणि तें रोज थोडें थोडें नष्ट होत आहे. १९४४ सालीं जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुढें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्या वेळीं जो वीस वर्षांचा बदली कामगार होता, त्यानेंही आज साठी ओलांडली. नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं गिरणगांवांतील माणसांचीं बोलणीं जमवून २००४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यांचें मोल लोकांना कळलें. गोदीकामगारांचीं, वखारींतील हमालांचीं, खानावळी चालविणाऱ्या बायांचीं बोलणीं अजून पुष्कळ टिपावयाचीं आहेत. 'आधीं पदवी होऊं दे, मग आजोबांना विचारीन,' असें म्हणून हें काम लांबणीवर टाकतां येणार नाहीं. परवानगी घेऊन बोलणें टिपावें, तारीख व ठिकाण लिहावें, आणि आजोबांची आठवणही कागदाइतकीच तपासून घ्यावी. आदर आणि तपासणी यांचें परस्परांशीं वैर नाहीं.

आतां पालकांचा मूळ प्रश्न : पोटाचें काय? इतिहासाची पदवी मिळतांच नोकरी दारांत उभी राहते, असें मी सांगणार नाहीं. अध्यापन, वृत्तपत्रें, कायदा, संग्रहालयें व पुराभिलेखागारें, राज्यसेवेच्या परीक्षा, हे मार्ग आहेत. प्रत्येकाला पुढील शिक्षण वा स्पर्धा आहे. परंतु अभ्यासाची आंखणी पुराव्याभोवतीं केलेली असेल तर विद्यार्थ्याच्या हातीं एक गुण उरतो. कागद कोणाचा, केव्हांचा, कशासाठीं लिहिला, आणि तो काय लपवितो, हें त्याला ओळखतां येतें. आपल्या वस्तींत या गुणाची किंमत कोणी कमी लेखूं नये. भाड्याची जुनी पावती, भाडेपट्ट्याची अट, अमुक सालापूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा, यांवर कित्येक कुटुंबांचें छप्पर राहतें वा जातें. अशा वेळीं घरांत कागद वाचणारें एक मूल असणें ही चैन नव्हे.

शेवटचें वर्ष, मग तें तिसरें असो वा चौथें, एका लहानशा प्रश्नासाठीं राखून ठेवावें. 'मुंबईचा इतिहास' हा प्रश्न नव्हे; तो पर्वत आहे. 'दारूखान्यांत लोखंडाचा व्यापार केव्हां व कसा रुजला?', 'स्फोटानंतर बेघर झालेलीं कुटुंबें कोठें गेलीं?', असे प्रश्न एका वर्षांत पेलण्याजोगे आहेत. पहिल्या वर्षाचा कणा, दुसऱ्या वर्षाचें हत्यार, आणि तीन वर्षें पाहिलेलें स्थळ, हीं तिन्ही त्या प्रश्नांत एकत्र येतात. त्याचें उत्तर वीस-पंचवीस पानांचें असलें तरी चालेल. मात्र त्यांतील प्रत्येक विधानाखालीं आपल्या हातानें पाहिलेला आधार असावा.

म्हणून ज्या घरांत यंदा इतिहासाचा विद्यार्थी आहे, तेथें एवढेंच करावें. पहिलें सत्र सुरू होण्यापूर्वीं त्याच्यापुढें एक कोरी वही ठेवावी. पहिल्या पानावर त्यानें चार ओळी लिहाव्या : कणा कोणता, हत्यार कोणतें, स्थळ कोणतें, आणि कोणा वृद्धाला या महिन्यांत भेटावयाचें. पहिल्या तीन ओळींत पुढें फेरफार झाला तर बिघडत नाहीं. चौथी ओळ मात्र त्याच महिन्यांत पुरी झाली पाहिजे.