सायकलीमागचं एक चाक

कॅनडातल्या जॅस्परपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वतातून जाणारी ‘ग्रेट डिव्हाइड’ ही सायकलवाट 4,000 किलोमीटरहून लांब आहे, आणि बरीचशी कच्ची. सामानासाठी तिथं काहीजण एकचाकी ट्रेलर जोडतात. कच्च्या वाटेला तोच खरा! मागच्या चाकाच्या एक्सलला अडकवलेला हा ट्रेलर सायकलीच्याच चाकोरीतून येतो. दोनचाकी ट्रेलरचं एखादं चाक दगडावर चढलं, की तो कलंडू शकतो. तंबू, शिधा असं जड सामान ट्रेलरच्या तळाशी ठेवावं. पुढच्या कॅरिअरवर थोडंच, दोन्ही बाजूंना सारखं बांधावं, नाहीतर हँडल एकीकडे ओढतं. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, म्हणून वळणाआधीच वेग कमी करा. आणि निघण्यापूर्वी जोडणीची पिन हातानं हलवून बघाच.