भाडेकरू श्रोता आणि गाण्याची मालकी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, रोजगार, शिक्षण असे प्रश्न समोर उभे असताना तबकड्या आणि ध्वनिफिती यांची चर्चा अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. गाणे हा फुरसतीचा विषय मानण्याची आपली जुनी सवय आहे. परंतु गाणे ही जशी कला आहे तशी ती बाजारात येणारी वस्तूही आहे. कोणत्याही वस्तूविषयी अर्थशास्त्र तीन प्रश्न विचारते: ती कोण निर्माण करतो, तिची मालकी कोणाकडे राहते, आणि तिच्या मोलातील वाटा कोणाला किती मिळतो? हेच प्रश्न गाण्याविषयी विचारले म्हणजे गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

लाखेपासून फितीपर्यंत

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोवर शहरात, आणि विक्रीसाठी परत येत त्या हिंदुस्थानात. तबकडीतील महत्त्वाचा घटक म्हणजे लाख. जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता, आणि ती लाख छोटा नागपूरच्या जंगलांतील आदिवासी गोळा करीत. कच्चा माल येथला, गळा येथला, गिऱ्हाईकही येथलेच. कारखाना आणि नफा मात्र परका. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या अपहाराचे वर्णन केले, त्याचे इतके नेमके लहान उदाहरण क्वचितच सापडेल. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, पण मक्तेदारी कायम राहिली.

माध्यमाने केवळ नफ्याची वाटणी ठरवली असे नव्हे, गाण्याची घडणही बदलली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल त्या चिमटीत बसवावा लागला. तरीही याच तबकडीने दरबार आणि दिवाणखाना यांच्या भिंती ओलांडून गाणे हॉटेलात, जत्रेत, चाळीच्या गॅलरीत आणले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा झाला आणि १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी होणाऱ्या लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. पर्यायी द्रव्याचा शोध त्यामुळे निकडीचा झाला, आणि १९४८ साली व्हिनाइलची दीर्घ वाजणारी तबकडी, म्हणजे एल.पी., बाजारात आली.

खरी क्रांती केली ती ध्वनिफितीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट दिसायला क्षुल्लक होती. पण तिचे अर्थशास्त्र निराळे होते. तबकडी काढण्यासाठी मोठे यंत्र, मोठे भांडवल आणि मोठी विक्री यांची गरज असे. कॅसेटच्या नकला एका खोलीतील यंत्रावर निघत. स्थिर खर्च घटला की लहान उत्पादक बाजारात येऊ शकतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम येथे खरा ठरला. १९८० च्या दशकात जुन्या कंपनीची सद्दी संपली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वनिफिती काढणारे उभे राहिले. चोरट्या नकला निघाल्या, नामवंतांची गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेण्यात आली, आणि अनेक कलावंतांचे नुकसान झाले, हे झाकण्याचे कारण नाही. त्यातील मोठा व्यापारी पुढे स्वतःच मक्तेदार झाला, हेही खरे. पण ज्यांच्यासाठी मोठ्या कंपनीचे दार कधीच उघडले नसते, असे कित्येक आवाज याच काळात लोकांपर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वामनदादा कर्डक यांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे गळे यांनी आंबेडकरी चळवळीचा विचार निरक्षर माणसाच्या कानापर्यंत नेला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या ध्वनिफितींची दुकाने लागत. वर्तमानपत्रे ज्यांची दखल घेत नव्हती आणि आकाशवाणीवर ज्यांना क्वचितच वेळ मिळे, त्यांचे हे स्वतःचे प्रसारमाध्यम होते. पोराबाळांसाठी खेळण्याबरोबर एक कॅसेट घेऊन परतणाऱ्या मजुराच्या हाती त्या गाण्याची मालकी येई. ते त्याने शेजाऱ्याला ऐकवावे, बहिणीला द्यावे, लग्नाच्या मांडवात लावावे. पुन्हा कोणाची परवानगी लागत नसे.

मालकीकडून भाड्याकडे

१९८२ साली सीडी आली आणि ध्वनी आकड्यांत साठवला जाऊ लागला. आकड्यांची नकल मूळ प्रतीइतकीच शुद्ध असते आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही. १९९९ साली नॅपस्टर निघाले आणि वस्तू म्हणून गाणे विकण्याचा धंदा डळमळला. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात थोड्या रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याची पद्धत काही वर्षे तालुक्या-तालुक्याला होती. ते गरिबाचे शेवटचे मूर्त माध्यम म्हणता येईल. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तेही मागे पडले. मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे नामांकित दुकान बंद झाले तेही २०१६ सालीच.

आज जगातील ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नापैकी मोठा भाग स्ट्रीमिंगमधून येतो. या उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या अहवालानुसार २०२४ साली एकूण उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होते. त्यात स्ट्रीमिंगचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. तबकड्या, सीडी, कॅसेट या सर्वांचा मिळून सुमारे १६ टक्के.

या बदलाचे मर्म तंत्रात नाही, मालमत्तेच्या संबंधात आहे. पूर्वी श्रोता खरेदीदार होता, आता तो भाडेकरू झाला आहे. विकत घेतलेली तबकडी विकता येते, उसनी देता येते, वारसाला ठेवता येते. विकत घेतलेल्या डिजिटल फायलीची पुनर्विक्री करू देणारी ‘रीडिजी’ नावाची सेवा अमेरिकेत निघाली होती. २०१८ साली तेथील अपील न्यायालयाने तो व्यवहार प्रताधिकाराचा भंग ठरवला. भाड्याच्या गाण्याबाबत तर हा प्रश्नही उद्भवत नाही. वर्गणी थांबली की संग्रह संपला. वर्गणी चालू असली तरी घरमालक घर पाडू शकतो. एअरटेलची ‘विंक म्युझिक’ ही सेवा २०२४ साली बंद झाली. ‘मायस्पेस’वर २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली कोट्यवधी गाणी कायमची नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. त्यातील बहुतेक गाणी नवोदितांची होती, आणि नवोदिताची दुसरी प्रत अनेकदा नसतेच.

वाटणीचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. बहुतेक सेवा सर्वांची वर्गणी एका राशीत टाकतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात ती वाटतात. एक उदाहरण घेऊ. समजा, अशा सेवेचे दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही महिना शंभर रुपये भरतात. एक विद्यार्थी चित्रपटगीते नऊशे वेळा ऐकतो, आणि एक वयस्क गिरणी कामगार एका शाहिराची गाणी शंभर वेळा ऐकतो. सेवेचा वाटा बाजूला ठेवला तर दोनशे रुपयांपैकी शाहिराच्या पदरी वीस रुपये पडतील. कामगाराने जे गाणे एकदाही ऐकले नाही त्यासाठी त्याच्या शंभरातील ऐंशी रुपये गेले! शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की वर्षात हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास काहीच मोबदला नाही. ज्याची वर्गणी त्याच्याच कलावंताला, ही दुसरी पद्धत अशक्य नाही. साउंडक्लाउडने २०२१ साली ती अंशतः सुरू केली. म्हणजे सध्याची वाटणी ही निसर्गनियमाने ठरलेली नसून सौदाशक्तीने ठरलेली आहे.

तबकडीचे पुनरागमन

अशा स्थितीत मूर्त माध्यमे संपली, असे भाकीत वारंवार केले गेले. ते चुकले. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइल तबकड्यांची संख्या सीडीपेक्षा अधिक खपली. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. जपानात मूर्त माध्यमांचा बाजार अद्याप मोठा आहे. आपल्या देशात २०१७ साली ‘सारेगामा’ने पाच हजार गाणी भरलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा ‘कारवाँ’ बाजारात आणला आणि वडीलधाऱ्यांच्या घरी तो मोठ्या संख्येने पोहोचला. हाताला लागणाऱ्या वस्तूची ओढ खरी आहे, हे यावरून सिद्ध होते.

पण या पुनरागमनाने हुरळून जाऊ नये. नवी तबकडी आपल्याकडे दोन-तीन हजार रुपयांना पडते. ती हौशी मध्यमवर्गाची वस्तू आहे. तिचा उत्पादनाचा पायाही ठिसूळ आहे. तबकडीचा साचा बनवण्यासाठी लागणाऱ्या लॅकर-चकत्या करणारे जगात दोनच प्रमुख कारखाने होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील एक २०२० च्या फेब्रुवारीत जळून खाक झाला. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि त्याच्या निर्मितीतील विषारी द्रव्यांचा प्रश्नही आहेच. तेव्हा जुन्या माध्यमाचे स्मरणरंजन हे नव्या मक्तेदारीला उत्तर होऊ शकत नाही.

नव्या माध्यमाचे श्रेय नाकारणेही अन्यायाचे होईल. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा केसरबाई केरकर यांचे गाणे गडचिरोलीतील विद्यार्थ्याला आज फुकट ऐकता येते. त्याच्या आजोबांना ते स्वप्नातही शक्य नव्हते. खेड्यातील गायिका दुकानदाराच्या पाया न पडता आपले गाणे जगापुढे ठेवू शकते. प्रश्न तबकडी की प्रवाह, असा नाहीच. ऐकण्याची सोय प्रवाहाने द्यावी आणि जतनाची हमी समाजाने द्यावी, हे दोन्ही हवे आहे. सोय म्हणजे जतन, असा जो गैरसमज पसरला आहे तो धोक्याचा आहे.

कार्यकर्त्यांचे काम

हा धोका सर्वात जास्त कोणाला आहे? चित्रपटसंगीताला नाही, त्याला मालक आहे, आणि मालकाला त्यात नफा आहे. धोका आहे तो जिल्ह्याच्या गावी निघालेल्या भीमगीतांच्या, कलापथकांच्या, संपाच्या काळातील गाण्यांच्या, जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिफितींना. त्या काढणारे व्यवसायातून गेले, गाणारे काळाच्या पडद्याआड गेले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. फीत म्हणजे लोहभस्माचा पातळ लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी चढते, लेप सुटतो, आणि ती वाजवणारे यंत्रही आता सहजी मिळत नाही.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संग्राहकांनी जुन्या तबकड्यांबाबत जे काम पदरमोड करून केले, ते ध्वनिफितींबाबत करण्याची वेळ आली आहे. त्यासाठी फार भांडवल लागत नाही. प्रत्येक तालुक्यात दोघांनी घरोघरच्या कॅसेटची यादी करावी. गायक, गीतकार, स्थळ आणि साल यांची नोंद वृद्धांना विचारून आजच घ्यावी. नोंद नसलेला आवाज अनाथ होतो. साठ मिनिटांची फीत उतरवून घेण्यास साठ मिनिटेच लागतात, येथे घाई चालत नाही. ध्वनी आक्रसून न टाकता वेव्ह स्वरूपात ठेवावा. एक प्रत गावच्या ग्रंथालयात, एक विद्यापीठात आणि एक कुटुंबाकडे असावी. कलावंताच्या वारसांची संमती घ्यावी. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, परंतु गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, याचे भान ठेवावे.

सरकारकडेही मागणी केली पाहिजे. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची सक्ती करणारा कायदा या देशात १९५४ पासून आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणाची एक प्रतही तशीच सार्वजनिक संग्रहालयात जमा झाली पाहिजे, मग ते तबकडीवर निघालेले असो वा केवळ इंटरनेटवर. वाटणीच्या पद्धतीविषयी कलावंतांच्या संघटनांनी पर्याय मागितला तर त्यांच्यामागे उभे राहिले पाहिजे. २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातील वाटा मिळाला तो मागितल्यामुळेच.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या घरच्या माळ्यावरची एक पेटी उतरवून पाहावी. तीत कदाचित एखादी फीत असेल, जिच्यावर पेनाने लिहिलेले नाव पुसट झाले आहे आणि जिची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. ती आधी वाळवावी, मग वाजवावी, आणि ज्याचा तो आवाज आहे त्याचे नाव लिहून ठेवावे.