टोपलीवरचा चौकोन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वडाच्या सावलीत, एक भाजीवाल्या मावशी बसतात. श्रोतेहो, अशा मावशी आपल्याही गावी असतील. पालेभाज्यांच्या जुड्या, अंथरलेले गोणपाट, तागडी आणि कमरेला खोचलेला बटवा, एवढाच त्यांच्या दुकानाचा सरंजाम. त्यात काही वर्षांपूर्वी एका नव्या वस्तूची भर पडली. टोपलीच्या काठाला सुतळीने बांधलेला, प्लॅस्टिकने मढवलेला एक कागद आणि त्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन. हाच चौकोन दादरच्या फुलबाजारात दिसतो, इंदूरच्या सराफ्यात दिसतो आणि काशीच्या घाटावरील चहाच्या टपरीवरही दिसतो. इतकी सर्वपरिचित झालेली वस्तू आपण सहसा निरखून पाहत नाही. आज ती थोडी निरखावी, असा माझा विचार आहे.

या क्यूआर कोडाचे जन्मस्थान जपान. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या उद्योगसमूहात मासाहिरो हारा नावाचे अभियंते काम करीत. त्या काळी मालाच्या खोक्यांवर उभ्या रेघांची पट्टी छापीत. पण तिच्यात वीसेक अक्षरांहून अधिक मजकूर मावत नसे. साहजिकच एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या चिकटवाव्या लागत, आणि त्या एकामागून एक यंत्रापुढे धरता धरता कामगार मेटाकुटीला येत. हारा यांना ‘गो’ या खेळाचा नाद होता. पटावर मांडलेल्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहताना त्यांच्या मनात आले की, माहिती एकाच रेषेत न मांडता अशी आडवी-उभी का मांडू नये? त्या विचारातून १९९४ साली हा चौकोन जन्मास आला. त्याच्या मोठ्यात मोठ्या आकारात सात हजारांहून अधिक अंक सामावतात.

त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत चौकटी असतात. त्या यंत्राला दिशा दाखवतात, म्हणून कागद तिरपा असो वा उलटा, वाचन अडत नाही. त्या चौकटींतील काळ्यापांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असे आहे. नाना प्रकारचे छापील कागद तपासून, त्यांत सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण म्हणून ते निवडले गेले. शिवाय रीड व सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत त्यात गुंफलेली आहे. तिची सर्वांत वरची पातळी वापरली, तर सुमारे तीस टक्के भाग मळला किंवा फाटला तरी मजकूर शाबूत राहतो. कोथिंबिरीच्या पाण्याने भिजून डागाळलेला मावशींचा चौकोन बिनतक्रार चालतो, तो या गणिताच्या पुण्याईने. आणि विशेष हे की, शोधाचे हक्क हाती असूनही त्या कंपनीने हा चौकोन वापरण्याबद्दल जगाकडून मोबदला मागितला नाही.

आपल्या देशात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था सुरू केली. एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात, मोबाईलच्या साहाय्याने, क्षणार्धात पैसे जाऊ लागले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि नोटांच्या चणचणीने लोकांना या नव्या वाटेकडे वळवले. पुढे या व्यवस्थेशी चौकोनाची सांगड बसली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चौकोनात पैसा नसतो. असतो तो केवळ पत्ता. कोणाच्या खात्यात रक्कम पोचवायची, एवढेच तो सांगतो.

या ‘कोणाच्या’पाशीच मी आज अडलो आहे.

एका दुपारी मावशींना खोकल्याने बेजार झालेले पाहिले. “औषध का घेत नाही?” म्हणून विचारले. त्या हसून म्हणाल्या, “पैसं हायेत की, पर ते नातवाच्या फोनात हायेत. तो सांजच्याला येईल, तवा बघू.” सकाळपासून त्यांची टोपली निम्मी रिकामी झाली होती. प्रत्येक गिऱ्हाईक चौकोनापुढे मोबाईल धरून निघून गेले होते. बटव्यात मात्र वीस रुपयेदेखील नव्हते.

नातू गुणी आहे, यात शंका नाही. आजीची सोय व्हावी म्हणूनच त्याने तो कागद आणून बांधला, आणि स्वतःचे खाते तयार होते म्हणून त्याच खात्याचा पत्ता दिला. कोणी कोणाला फसवले नाही. तथापि तीस वर्षे कमरेला असलेली सत्ता त्या कागदाबरोबर निसटली, आणि ती निसटल्याचे घरात कोणाला जाणवलेही नाही. बटव्यातील पैसा अक्षरशत्रू माणसालाही मोजता येतो, लपवता येतो, लेकीच्या हाती गुपचूप ठेवता येतो. दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेल्या पैशाचे यांपैकी काहीच करता येत नाही; तो मागावा लागतो.

आपण म्हणाल, मग हे नवे साधनच टाकून द्यावे काय? माझा तसा आग्रह नाही. ज्या चौकोनाने मावशींचा पैसा दूर नेला, तोच तो परतही आणू शकत होता. बदलायचा होता तो फक्त पत्ता. मी नातवाशी बोललो. त्याला क्षणभर वाईट वाटले; मग तोच आजीला घेऊन बँकेत गेला. त्यांच्या नावाचे जनधन खाते होतेच. त्याचे पुस्तक ट्रंकेच्या तळाशी पडले होते. खात्याला मावशींचा मोबाईल क्रमांक जोडला आणि टोपलीला नवा कागद लागला. रक्कम जमा होताच मराठीत आकडा उच्चारणारी एक लहानशी पेटीही आली. तिचे महिन्याला भाडे पडते, पण वाचता न येणाऱ्या माणसाला ती हिशेब ऐकवते. मावशींचा मोबाईल साधा, बटणांचा आहे. अशा मोबाईलवरूनही पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली आहे, आणि ती शिकवण्याचे काम नातवाने अंगावर घेतले आहे. पहिला धडा त्याने असा दिला: गुप्त अंक लागतात ते पैसे देताना, पैसे घेण्यासाठी कोणी ते मागितले, तर तो लबाड समजावा.

मीही एक नेम केला आहे. मावशींकडे जाताना अधूनमधून सुटे पैसे नेतो. बटवा अगदीच रिता राहू नये.

श्रोतेहो, नवी साधने येतच राहणार, आणि ती यावीत. घरात एखादे साधन आणताना त्याची किंमत आणि करामत आपण विचारतोच. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: याने कोणाच्या हातात काय येणार आहे, आणि कोणाच्या हातून काय जाणार आहे? परवा मी मावशींकडून मेथीची जुडी घेतली. पेटी बोलली, “पंधरा रुपये मिळाले.” मावशींनी मान डोलावली आणि त्या पुटपुटल्या, “माझं.”