चमकतंय खरं, पण सोनं आहे का?

आमच्या लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांचं गाव सिंधुदुर्गात. गणपतीला गावी गेलेलं कुणीतरी ओढ्यातला चमचमता खडा घेऊन येतं आणि मला विचारतं, "तू इंजिनिअर ना, बघ रे, सोनं आहे का?"

तर आज तीन टेस्ट. रंगावर जायचं नाही आणि लोहचुंबक विसरा. पायराइटमध्ये लोखंड असतं, तरी साधं चुंबक त्याला ओढत नाही.

पहिली टेस्ट, सुई. टोकाने दाबा. पापुद्रे सुटले तर अभ्रक, गावचं 'सोनं' बहुतेक वेळा हेच निघतं. तुकडे उडाले तर पायराइट. सोनं मऊ, ते नुसतं दबतं.

दुसरी, रेघ. पांढऱ्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. झवेरी बाजारातला सराफ काळ्या कसोटीवर हेच करतो, वर रेघेला ॲसिडही लावतो. 'कसाला उतरणं' म्हणतो आपण, ते इथलंच.

तिसरी, वजन. समजा खडा २० ग्रॅमचा आहे. किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा. खडा दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा ४ ग्रॅमच्या आसपास दाखवेल तर पायराइट असू शकतं. सोनं असेल तर जेमतेम १. कारण सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, पायराइट साधारण ५ पट.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे चाळी, गिरण्या पाडून टॉवर उभे राहतायत. त्यामुळे "खोदकामात सोनं सापडलंय, स्वस्तात देतो" ही थाप पटकन खरी वाटते. तो माणूस एक मणी देतो, म्हणतो, "खुशाल सोनाराकडे तपासा." मणी अस्सल निघतो. मग पैसे मोजून घरी आणलेली अख्खी माळ पितळेची! टेस्ट बरोबर होती, सॅम्पल त्याने निवडलेलं होतं.

म्हणून दुकानातूनच घ्या, पक्कं बिल घ्या. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. आणि हा एपिसोड आई-आजीला नक्की ऐकवा. असली माणसं दुपारी, आपण ऑफिसात असतानाच बेल वाजवतात.